एका रात्रीत जखम भरते कशी? (डी अँड डी, हीलिंग आणि आमचा असीरगड)

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

जळगावात आमचा छोटासा ग्रुप आहे. शनिवारी रात्री पिंप्राळ्यात एकाच्या गच्चीवर बसतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी), म्हणजे फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ, त्याची पाचवी आवृत्ती खेळतो, २०१४ चीच, आणि डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. सध्याचं कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) घरचं आहे. साल १६००, अकबराच्या फौजेचा असीरगडाला वेढा, बुऱ्हाणपूर मोगलांच्या हाती गेलेलं, वर बहादूरखान फारुकी, आणि आमची पात्रं गडाच्या आत अडकलेली. जादू आहे, पण बेताची.

झालं असं की आमचा फायटर, म्हणजे लढवय्या पात्र (लेव्हल ५, एचपी म्हणजे हिट पॉइंट ४४, ते शून्य झाले की पात्र आडवं) तटावरून वाकून मोगलांचा दोर कापत होता. खालून तोड्याची बंदूक, त्यात क्रिटिकल (फाशावर वीस, जबर फटका). मीही जरा रंगवून सांगितलं: गोळी मांडीत, विजार रक्ताने चिंब, पाय वेडावाकडा, आणि वरून वीस फूट खाली. एचपी शून्य. क्लेरिकने (देवाच्या कृपेने मंत्र टाकणारं पात्र) मंत्र टाकून शुद्धीवर आणला. मग सगळे धान्याच्या कोठारात आठ तास झोपले. सकाळ झाली, फायटरवाला म्हणतो, "फुल एचपी. दोर कुठंय?"

आमच्यात एक नवीन पोरगा आलाय. तो म्हणाला, "माझ्या बाबांच्या मांडीत रॉड आहे. सहा महिने काठी सुटली नव्हती." सगळे हसले, आणि मग जो वाद पेटला तो रात्री एकपर्यंत.

मी २०१४ च्या डीएम गाइडमधला (डीएमसाठीचं पुस्तक) पर्यायी नियम लावून टाकला: शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोटी विश्रांती, आठ तासांची; लाँग रेस्ट, म्हणजे सगळे एचपी परत देणारी मोठी विश्रांती, आठ तासांऐवजी सात दिवसांची. आता अर्धं टेबल माझ्यावर फुगून बसलंय. तुमच्याकडे काय करता? नियम जसेच्या तसे पाळता की खरं वाटेल असं काही करता?

---

केळीचं_पान

वाचतोय. गच्चीवर डी अँड डी म्हणजे जळगावचा उन्हाळा कारणी लागला म्हणायचा.

बाकी मुद्दा नेहमीचाच आहे. आगीचा गोळा चालतो, ड्रॅगन चालतो, मेलेला माणूस हिऱ्याच्या बदल्यात उठतो तेही चालतं. आणि झोपून बरं झालेलं मात्र चालत नाही? खेळ आहे भाऊ, सोडून द्या.

---

कळण्याची_भाकरी

केळीचं_पान, हा युक्तिवाद दरवेळी येतो आणि दरवेळी लंगडा पडतो. आगीचा गोळा कुणी पाहिलेला नाही, म्हणून लेखक सांगेल तो खरा. टाके मात्र प्रत्येकाला पडलेत, हात गळ्यात बांधून शाळेत गेलेलं पोरगं प्रत्येकाच्या वर्गात होतं. जिथे आपला अनुभव आहे तिथे खोटं लगेच टोचतं.

---

भो_आते_काय

एक रातमा कोन बरं व्हस भो? आमना गावमा एकले बैलनी शिंग मारं, तीन महिना खाटवर पडेल व्हता. तुमना फायटर ते सकायले उठीसन पळस! 😂

---

जुना_फासा

धागाकर्त्याचा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे, म्हणून थोडा इतिहास लिहितो. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जावं.

१९७१ च्या चेनमेल या युद्धखेळात साधा सैनिक एका फटक्यात मरायचा. डी अँड डी च्या दोन जनकांपैकी डेव्ह आर्नेसन यांनी त्यातून ब्लॅकमूर हे कॅम्पेन सुरू केलं. तेव्हा एक खेळाडू म्हणजे एक पात्र झालं आणि एका फटक्यात मरणं कुणाला सोसेना. हिट पॉइंट त्यांनी आणले ते जहाजांच्या युद्धखेळातून, हे आर्नेसन यांनी स्वतः सांगितलेलं आहे. म्हणजे मुळात ही कल्पना पोलादी जहाजाची आहे, माणसाची नाही. जहाजाला भोक पडलं तरी तोफा तशाच चालतात. आपला फायटर १ एचपीवरही तसाच लढतो, त्याचं मूळ इथे आहे.

१९७४ च्या पहिल्या डी अँड डी मध्ये पूर्ण विश्रांतीच्या पहिल्या दिवशी काहीच मिळत नसे आणि पुढे दिवसाआड १ एचपी. १९७९ च्या डीएम गाइडमध्ये दुसरे जनक गॅरी गायगॅक्स यांनी स्पष्टच लिहिलं की एचपी म्हणजे नुसतं मांस नाही. त्यात कौशल्य, नशीब, दैवी कृपा हे सगळं येतं. तिथे रोज १ एचपी, आणि एचपी कितीही असोत, चार आठवडे सलग विश्रांती घेतली की माणूस पूर्ण बरा.

तिसऱ्या आवृत्तीत (२०००) रात्रीच्या झोपेला लेव्हलइतके एचपी. चौथीत (२००८) सहा तासांत सगळे. पाचवीत आठ तासांत सगळे. सरळ दिसतंय की दर आवृत्तीत माणूस लवकर बरा होत गेला.

आणि गंमत अशी की आवृत्ती जितकी जुनी तितकी क्लेरिकची सक्ती जास्त. रोज १ एचपी असताना कुणीही महिनाभर झोपून राहत नसे. क्लेरिक एक दिवस थांबायचा, सगळे मंत्र हीलिंगचेच घ्यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. 'वास्तव' कागदावर राहायचं आणि एक खेळाडू कंपाउंडर व्हायचा.

---

घंटाळी

जुना_फासा काका, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावते.

मी त्याच टेबलावरची क्लेरिक. धागाकर्त्याने अर्धीच गोष्ट सांगितली म्हणून उरलेली मी सांगते. सात दिवसांची लाँग रेस्ट म्हणजे माझे मंत्रही सात दिवसांनीच परत येतात. लेव्हल ५ ला माझ्याकडे पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्या पातळीचे तीन, तिसऱ्या पातळीचे दोन. आठवड्याला नऊ मंत्र! फायटरचा सेकंड विंड (थोडे एचपी परत) आणि ॲक्शन सर्ज (एक जादा कृती) शॉर्ट रेस्टला येतात, म्हणजे त्याला रोज रात्री मिळतात. ज्याच्या मांडीवरून हा सगळा नियम आला, त्याचंच यात कमी बिघडलं. आमच्या विझर्डचं (जादूगाराचं) मेज आर्मर, म्हणजे जादूचं चिलखत, आठ तास टिकतं. आधी ते दोन लाँग रेस्टच्या मधल्या बहुतेक लढायांना पुरायचं, आता आठवड्यातली एक दुपार.

आणि नऊ मंत्रांतले किती माझे? लेव्हल ५ च्या फायटरला शून्यावरून ४४ वर न्यायचं तर माझा क्युअर वुंड्स (जखमा भरायचा मंत्र) सरासरी साडेआठ देतो. पाच वेळा टाकला तरी दीड कमीच पडतो. मी मुल्हेरच्या डोंगरातली जोगतीण लिहिली होती, तिची देवी आहे, तिचं गाऱ्हाणं आहे. सध्या ती फक्त बँडेज आहे.

---

तापीकाठ

घंटाळी ताई, हे शनिवारीच सांगायचं ना! 🙏

---

घंटाळी

सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा तोफांचा आवाज काढत होता.

---

ड्रेसिंगवाली

मी डी अँड डी खेळत नाही, भाऊ खेळतो, त्याने लिंक पाठवली. धुळ्याला ड्रेसिंग रूममध्ये काम केलंय म्हणून लिहिते.

तुमचे आठ तास खोटे आहेत हे कळलं. पण सात दिवस खरे आहेत असं कुणी सांगितलं? सात दिवसांत फार तर काही टाके निघतात. चेहऱ्याचे पाच-सहा दिवसांत, पायाचे चौदापर्यंत लांबतात, सांध्यावरचे तर आणखी थांबून. टाके निघाले म्हणजे जखम भरली असं नाही. कातडीला मूळच्या ताकदीच्या जवळपास यायला महिने लागतात, आणि पुरती ताकद कधीच येत नाही. हाताचं हाड सहा-आठ आठवडे. मांडीचं तीन-चार महिने, तेही आजच्या ऑपरेशनने. १६०० साली मांडीचं हाड मोडून वर जखम उघडी असती तर माणूस बहुतेक तापाने आणि पूने गेला असता. धनुर्वाताची लस नाही, अँटिबायोटिक नाही. म्हणजे खरं करायचंच असेल तर तुमचा फायटर मेला. विषय संपला.

दुसरी बाजूही आहे. शरीराचं सगळंच सावकाश नसतं. रक्तदान केलेला माणूस बघा. रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, चक्कर थांबते, तो कामाला लागतो. लाल पेशी भरायला मात्र आठवडे जातात, म्हणून तर पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देऊ देतात. दमणूक, मार, धसका हे एका झोपेत बरंच उतरतं. चिरलेलं आणि मोडलेलं उतरत नाही. तुमच्या खेळात या दोन्हींना एकच आकडा आहे, माझ्या मते घोळ तिथे आहे.

एक बघितलेलं सांगते. ऊस तोडताना कोयता पिंढरीला लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला स्वतः चालत येतो, बाहेर चहा पितो, मोबाइलवर हसतो. टेबलावर बसवला आणि आतली चिकटलेली गॉज सलाईनने भिजवून सोडवायला घेतली की तोच माणूस माझा ओढणीचा पदर धरतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल एका रात्रीत बरा झाला.

---

कळण्याची_भाकरी

ताई, तुम्ही खेळत नाही म्हणता आणि पन्नास वर्षांच्या वादाचं मर्म एका परिच्छेदात सांगता.

याच विचाराने दोन आकडे ठेवून पाहिलेले आहेत. २००० सालच्या स्टार वॉर्स गेममध्ये व्हायटॅलिटी आणि वुंड असे वेगळे पॉइंट होते, नंतर तिसऱ्या आवृत्तीच्या एका पर्यायी नियमांच्या पुस्तकातही आले. व्हायटॅलिटी म्हणजे दम आणि चुकवण्याचं कसब, ते तासातासाने परत येतं. वुंड म्हणजे खरी जखम, ती सावकाश. ऐकायला झकास. अडचण कुठे? क्रिटिकल थेट वुंडमध्ये जायचा. पात्राचे वुंड पॉइंट लेव्हलबरोबर वाढत नाहीत, म्हणजे मोठ्या लेव्हलचा वीरही कुठल्या तरी फालतू शिपायाच्या एका वीसवर आडवा. आणि एका संध्याकाळी सगळ्यात जास्त हल्ले कुणावर होतात? खेळाडूंवर. राक्षस येतो, मरतो, जातो. पात्र पुढच्या शनिवारीही असतं.

---

शिरपूरकर

एचपी म्हणजे मांस नाही, दम आणि नशीब, हे मान्य केलं की सगळं सुटतं असं म्हणणाऱ्यांना दोन प्रश्न.

पहिला, विषारी बाण. बाण लागला, ४ एचपी गेले, आता विषाचा सेव्ह (विष टळलं का ते ठरवणारा फासा) टाक. बाण जर 'नशिबाने' चुकला असेल तर विष आत गेलं कसं? दुसरा, उंचावरून पडणं. दर दहा फुटांना एक डी-६ (सहा बाजूंचा फासा) इतका मार, जास्तीत जास्त वीस फासे. सरासरी ७०. शंभर एचपीचा फायटर असीरगडावरून उडी मारून बहुतेक वेळा धूळ झटकत उठेल. हे नशीब म्हणायचं का?

मला खरा राग आहे तो हीलिंगच्या हिशोबाचा. लेव्हल १ चा फायटर १२ एचपीचा, शून्यावर पडला, क्युअर वुंड्सच्या साडेआठने जवळपास ठणठणीत. लेव्हल ५ चा तसाच शून्यावर पडला, तोच मंत्र, आणि त्याला पाचवा हिस्सा मिळतो. एचपी म्हणजे जर 'मरणाच्या किती जवळ' असेल तर अनुभवी माणसाला बरं करायला जवळपास चौपट देवी का लागते?

आता शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो: हे फक्त चौथ्या आवृत्तीने नीट केलं. तिथे हीलिंग सर्ज होता, म्हणजे तुमच्या एकूण एचपीचा चौथा हिस्सा. बारावाल्याला ३, चाळीसवाल्याला १०. मंत्र बाहेरून येतो, पण ताकद माणसाच्या स्वतःच्या साठ्यातून जाते, आणि दिवसाचे सर्ज संपले की बहुतेक मंत्रांचाही उपयोग नाही. शरीराची मर्यादा म्हणतात ती हीच. पण लोक त्या आवृत्तीवर तुटून पडले, कारण वॉरलॉर्ड (त्यातलं सेनानायक पात्र) नुसता ओरडून जखमा भरतो म्हणे.

---

केळीचं_पान

ओरडून जखमा भरतात हे आमच्या आजीला माहीत होतं. पोर पडलं की "उठ, काही झालं नाही" असं ओरडायची, पोर उठायचंच.

---

जुना_फासा

शिरपूरकर, चौथीबद्दल माझं मत वेगळं आहे पण सर्जचा मुद्दा बिनतोड आहे.

इतर खेळांकडे बघायचं तर, १९७७ च्या ट्रॅव्हलरमध्ये एचपी नाहीतच. मार थेट तुमच्या ताकद, चपळाई, दमश्वास या गुणांवर बसतो, म्हणजे जखमी माणूस आपोआप कमकुवत. १९७८ च्या रूनक्वेस्टमध्ये हात, पाय, डोकं, प्रत्येकाचे वेगळे पॉइंट. पाय गेला तर पाय गेला. कॉल ऑफ कथुल्हू या भयकथांच्या खेळाच्या सातव्या आवृत्तीत एका फटक्यात निम्मे किंवा जास्त एचपी गेले तर ती 'मेजर' जखम. साधी असेल तर रोज १ एचपी भरतो, मेजर असेल तर आठवड्यातून एकदा फासा, तो लागला तर १ ते ३. ड्रेसिंगवाली ताईंना हा नियम पटेल. ब्लेड्स इन द डार्कमध्ये (२०१७) जखमेला आकडा नसून नाव असतं, 'मोडलेला पाय' असं कागदावर लिहायचं. बरं होण्यासाठी दोन मोहिमांमधला मोकळा वेळ खर्चावा लागतो, आणि तोच वेळ इतर कामांनाही हवा असतो.

या सगळ्यांत समान गोष्ट एकच, तिथे वेळेला किंमत आहे. कथुल्हूमध्ये तुम्ही दवाखान्यात पडलात तर तिकडे पंथाचे लोक विधी उरकून मोकळे. डी अँड डी च्या भुयारात मात्र खजिना कुठे पळून जात नाही. सात दिवस झोपा नाहीतर सत्तर. अशा ठिकाणी सावकाश हीलिंगचा नियम म्हणजे डीएमने "सात दिवस गेले" असं वाक्य बोलणं, बाकी काही बदलत नाही.

---

तापीकाठ

काका, आमच्याकडे वेळेला किंमत आहे! वेढा आहे. गड पडतो जानेवारी १६०१ ला, हे सगळ्या टेबलाला ठाऊक आहे. त्याआधी काय काय साधायचं एवढंच हातात आहे. म्हणून तर मला सात दिवस आवडले होते. रोज आठ तासांत सगळे ताजेतवाने होत असतील तर वेढ्याचा ताण येणार कुठून? धान्य कुजतंय, माणसं तापाने पडताहेत आणि आमची चौघं रोज सकाळी आंघोळ केल्यासारखी टवटवीत.

---

घंटाळी

ताण हवाय, मान्य. पण तो माझ्या मंत्रांतून काढू नका. दोन वेगळे विषय आहेत: पात्र किती दिवस जखमी राहतं आणि खेळाडूला एका बैठकीत किती गोष्टी करता येतात. तुमचा नियम दोन्हींना एकाच दोरीने बांधतो. आठवड्याला नऊ मंत्र म्हणजे शनिवारचे चार तास मी "मी कुऱ्हाड मारते" म्हणत बसते.

---

यावलचा_विझर्ड

यो-यो बद्दल कुणीच बोललं नाही? मला सगळ्यात खोटं तेच वाटतं. फायटर शून्यावर पडला. क्लेरिक साठ फुटांवरून हीलिंग वर्ड म्हणते, तेही बोनस ॲक्शनमध्ये (मुख्य कृतीशिवायची झटपट कृती). १ डी-४ अधिक ४. उठला, पूर्ण ताकदीने मारलं, पुन्हा पडला, पुन्हा वर्ड. एका लढाईत तीनदा मरणाच्या दारातून परत आणि शेवटी चेहऱ्यावर घामसुद्धा नाही. ३० एचपीवर असताना हील करणं मूर्खपणा, पडू द्यावं आणि मग उठवावं, हे गणित प्रत्येक टेबलाला कळतं. २०२४ च्या पुस्तकात क्युअर वुंड्स २डी८ आणि हीलिंग वर्ड २डी४ केलं, त्याने आधीच हील करायला थोडी हिंमत येते. पण यो-यो तसाच.

---

जुना_फासा

आणि इथे १९७९ चं पुस्तक पुन्हा उघडावं लागतं. तिथे शून्यावर गेलेला माणूस मंत्राने उठवला तरी आधी काही वेळ गुंगीत, आणि नंतर किमान आठवडाभर विश्रांती. हळू चालत निजायच्या जागी जाणं, खाणं, झोपणं, बस. उणे सहा किंवा त्याखाली गेला असेल तर कायमचा व्रण किंवा अवयव गमावणं, डीएमच्या मर्जीने. म्हणजे शून्याच्या वर जे घडतं ते दम आणि खरचटणं, खरी जखम शून्याला. ड्रेसिंगवाली ताईंचे दोन हिशोब तिथे होतेच.

---

कळण्याची_भाकरी

मग झालं की. एचपी रोज रात्री परत येऊ द्या, मंत्र रोज येऊ द्या. शून्यावर गेलात की मात्र एक जखम कागदावर. ती एचपीने भरत नाही, कॅलेंडरने भरते.

जखमांचा तक्ता २०१४ च्या डीएम गाइडमध्ये आहे, पण त्यात डोळा गेला, हात तुटला असले प्रकार फार. त्यापेक्षा घरचा तक्ता करा. सुश्रुतसंहितेत मारापासून झालेल्या जखमांचे, सद्योव्रणांचे, सहा प्रकार दिलेत: छिन्न (तुटलेली), भिन्न (पोटात खुपसलेली), विद्ध (टोकदार शस्त्राने टोचलेली), क्षत (धड तुटलेली नाही, धड टोचलेली नाही), पिच्चित (चिरडलेली), घृष्ट (खरडलेली). सहा प्रकार, एक डी-६. आयतंच आहे, आणि १६०० सालच्या वैद्याच्या तोंडी शोभतंही. त्याच ग्रंथात टाक्यांचे चार प्रकार आहेत, तूप-मधाचा लेप आहे, फाटलेल्या आतड्याला मुंग्यांचे डोके लावून शिवणंही आहे. आमच्या टेबलावर मुंग्यांचा प्रसंग केला तेव्हा एकाने शेव-भाजीची वाटी बाजूला सारली होती.

---

भो_आते_काय

मुंग्यासना प्रसंग अन शेव-भाजी संगे? जय खानदेश 🙏

---

यावलचा_विझर्ड

तक्ता छान, पण फायटरवर अन्याय होतो. पुढे उभा राहतो तो, शून्यावर जातो तो, जखमा त्याला. विझर्ड मागून फेकतो आणि कोरा राहतो. (मी विझर्ड आहे तरी लिहितोय, नोंद घ्या.) शिवाय जखमेने फटक्यावर उणे दोन वगैरे लावलंत तर जखमी माणूस आणखी हरतो, आणखी जखमी होतो, आणि कुणीच परत वर येत नाही.

---

शिरपूरकर

म्हणून उणे काही लावायचंच नाही. जखम म्हणजे एक 'नाही' लिहायचं. पायाची असेल तर धावता येत नाही. हाताची असेल तर दोर चढता येत नाही. पोटाची असेल तर शॉर्ट रेस्टला हिट डाय (एचपी परत मिळवायचे फासे) खर्चता येत नाही. तलवार नेहमीसारखीच चालेल. आणि खेळाडूने स्वतःहून जखमेमुळे अडचण ओढवून घेतली, म्हणजे "पळायची वेळ आहे पण माझा पाय..." असं म्हणाला, की इन्स्पिरेशन (पुढच्या एखाद्या फाशाला फायदा) द्या. आमच्याकडे हे लावल्यापासून फायटरवाला जखमेची चिठ्ठी अभिमानाने टेबलावर मांडून ठेवतो.

वेढ्यात तर हे फारच शोभेल. धावता न येणारा फायटर तटावर उभा राहील, पण निरोप घेऊन रात्री बाहेर सटकायला दुसऱ्याला जावं लागेल. विझर्डलाही मग पुढे यावं लागतं, अन्यायाचा मुद्दा निम्मा तिथे मिटतो.

---

केळीचं_पान

एक सूचना. लवकर बरं व्हायची एखादी जागा नकाशावर ठेवा. अडावदजवळचं उनपदेव! गरम पाण्याचा झरा, त्वचेच्या आजारांना चांगला म्हणून लोक आजही जातात. तिथे पोचलं की जखमेचा काळ निम्मा.

---

तापीकाठ

कल्पना भारी, पण असीरगडाहून बुऱ्हाणपूर, रावेर, सावदा, फैजपूर, यावल करत अडावद म्हणजे पायी चार दिवस तरी. तेही मोगल छावणीतून निसटून.

---

केळीचं_पान

तीच तर किंमत. पाय निम्म्या वेळात बरा होतो, पण तोवर गड कुणी सांभाळायचा?

---

घंटाळी

हे मला आवडलं. जोगतिणीला शेवटी बँडेजऐवजी वाटाड्याचं काम.

---

तापीकाठ

बरं, शनिवारसाठी असा मसुदा केलाय. तुटून पडा.

एचपी आणि मंत्र पुस्तकाप्रमाणे, आठ तासांची लाँग रेस्ट. सात दिवसांचा नियम रद्द. शून्यावर गेलं की त्या लढाईत पहिल्यांदाच एक डी-६, सुश्रुताच्या तक्त्यावर, म्हणजे यो-यो केला तरी एकच जखम, पण एक तरी. क्युअर वुंड्सने एचपी भरतील, जखम नाही. लेसर रिस्टोरेशनने (व्याधी उतरवायचा मंत्र) काळ निम्मा, पूर्ण नाही. काळ असा: घृष्ट तीन दिवस, क्षत आठवडा, पिच्चित आठवडा, विद्ध दोन आठवडे, छिन्न तीन, भिन्न सहा. हाड मोडलंय असं मी वर्णनात बोललो तर सहा आठवडे, म्हणजे मलाही तोंड सांभाळून बोलावं लागेल. वेढ्याचं कॅलेंडर भिंतीवर, खूण करायचं काम फायटरवाल्याकडे. नियम फक्त पात्रांना आणि नाव असलेल्या शत्रूंना, शिपायांना नाही.

---

यावलचा_विझर्ड

+१. फक्त लेसर रिस्टोरेशन दुसऱ्या पातळीचा आहे, घंटाळी ताईंकडे तसे तीनच. पुन्हा सगळे तिच्याच मागे लागतील.

---

घंटाळी

एका जखमेवर एकदाच चालेल असं लिहा. आणि तो टाकायचा की नाही हे मी ठरवणार, टेबल नाही. देवीला विचारून सांगेन.

---

ड्रेसिंगवाली

पिच्चित आठवड्यात? चिरडलेली जखम सगळ्यात वाईट असते हो. तलवारीने स्वच्छ कापलेलं असेल तर कडा जुळतात, टाके बसतात. दगडाखाली किंवा बैलगाडीच्या चाकाखाली सापडलेलं मांस आतून मेलेलं असतं, ते काळं पडतं, कापून काढावं लागतं, मग कुठे भरायला लागतं. छिन्न तीनवरून दोनवर आणा आणि पिच्चित चारवर न्या. घृष्टमध्ये माती गेली असेल तर तीन दिवसांचे दहा करा. गडावर स्वच्छ पाणी आहे का, ते आधी सांगा, कारण बाकीचे सगळे आकडे त्यावर आहेत.

---

तापीकाठ

पाण्याचं टाकं आहे, पण मागच्या सेशनला विझर्डने त्यात मेलेला उंट टाकला.

---

यावलचा_विझर्ड

तो शत्रूचा उंट होता.